आकाशात पाच हवाईदलं, जमिनीवर एक खड्डा: हल्ला कोणाचा हे ठरवायचं कसं?

कंपासपेटी (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर "रशियन बॉम्बचं शेपूट सापडलं, म्हणजे हल्ला रशियाचा" आणि "अमेरिकेने नाकारलं ना, मग विषय संपला" अशी विधानं एकामागून एक येत आहेत. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. राजकारण बाजूला ठेवून फक्त पद्धतीवर बोलू.

२०१६ मधलं सीरियाचं आकाश डोळ्यांसमोर आणा. सीरियाचं स्वतःचं हवाईदल: मिग-२१, मिग-२३, सुखोई-२२, सुखोई-२४, एल-३९ आणि बॅरल बॉम्ब (स्फोटकं भरलेली पिंपं) टाकणारी हेलिकॉप्टरं. ३० सप्टेंबर २०१५ पासून लाताकियाजवळच्या ख्मेमिम तळावरून रशिया. सप्टेंबर २०१४ पासून अमेरिकेच्या नेतृत्वाखालची आघाडी; तिच्यात कमीजास्त काळासाठी ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, नेदरलँड्स, बेल्जियम, जॉर्डन आणि काही आखाती देश. ऑगस्ट २०१६ पासून उत्तरेत तुर्कस्तानची उघड मोहीम. आणि अधूनमधून, बहुतेक वेळा अवाक्षर न काढता, इस्रायल.

अशा ठिकाणी "कोणी केलं?" हा एक प्रश्न नसतो, चार असतात:

बॉम्ब कोणी बनवला?
विमान कोणत्या जातीचं होतं?
ते कोणत्या देशाच्या हवाईदलाचं होतं?
आणि हुकूम कोणाचा होता?

हे प्रश्न पायऱ्यांसारखे, बॉम्बचा सगळ्यात खालचा, हुकुमाचा सगळ्यात वरचा. खालच्या पायरीचं उत्तर वरच्या पायरीला चिकटवणं ही या विषयातली सगळ्यात नेहमीची चूक. बॉम्ब अमेरिकी, विमान अमेरिकी बनावटीचं, हवाईदल तिसऱ्याच देशाचं, हे येमेनमध्ये २६ मार्च २०१५ पासून रोजचं झालं. तिथे सौदीच्या नेतृत्वाखालच्या आघाडीतले अनेक देश एफ-१५ आणि एफ-१६ उडवत होते आणि त्याच काळात अमेरिकेचे स्वतःचे ड्रोन अल-कायदावर वेगळे हल्ले करत होते.

दुसरं असं, की थेट पुराव्याने नाव गाठता येणं दुर्मीळ. बहुतेक वेळा उत्तर वगळत वगळत मिळतं: त्या वेळी, त्या जागी, त्या शस्त्राने, कोण हल्ला करू शकतच नव्हतं? १९ सप्टेंबर २०१६ ला अलेप्पोजवळ उरम अल-कुब्रा इथे मदतीच्या ताफ्यावर हल्ला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळाने असंच केलं. विरोधी गटांकडे हवाई हल्ल्याची क्षमता नाही, म्हणून ते बाद. अमेरिकी आघाडीकडे क्षमता आहे पण सहभाग अत्यंत असंभव, म्हणून तीही जवळपास बाद. उरले सीरिया आणि रशिया, आणि मंडळ तिथेच थांबलं. दोघांतला कोण हे निश्चित सांगता येत नाही असंच त्यांनी लिहिलं. पुढे मार्च २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच दुसऱ्या यंत्रणेने, सीरियासाठीच्या चौकशी आयोगाने, सीरियन हवाईदलाचं नाव घेतलं. घटना एकच आणि संस्थाही एकच, तरी दोन टप्प्यांवर दोन वेगळी निश्चिती. त्यात विसंगती काही नाही.

शस्त्रांच्या अवशेषांवर निरभ्र यांनी लिहावं ही विनंती.

निरभ्र

लिहितो. आधी सुरक्षेचं: न फुटलेल्या दारूगोळ्याला हात लावायचा नाही, उलटवायचा नाही, खुणा दिसाव्यात म्हणून पुसायचा तर अजिबातच नाही. फोटो लांबून, झूम करून.

फोटो कसा हवा? आधी जागेवरचा, मागे ओळखता येईल अशी इमारत किंवा मिनार घेऊन. मग तुकड्याच्या चारही बाजू. शेजारी मापाला काहीतरी, पट्टी नसेल तर ज्याची लांबी माहीत आहे अशी कुठलीही वस्तू. मग खुणांचा जवळचा फोटो, प्रकाश तिरपा येईल असा. समोरून फ्लॅश मारला की कोरलेले आकडे सपाट होतात आणि ३ चा ८ वाचला जातो. तुकडा हलवण्याआधीचा एकही फोटो नसेल, तर "हा इथेच सापडला" हे सिद्ध करणं फार अवघड जातं. दुसऱ्या ठिकाणचे जुने तुकडे ढिगावर ठेवून फोटो काढल्याचा आरोप मग कोणीही करू शकतो.

काय शोधायचं? बॉम्बचं पोट फुटून जातं. टिकतात शेपूट, पंख, लटकवायची कडी, फ्यूजचा बूड, मार्गदर्शन किटचे धातूचे भाग, क्षेपणास्त्राच्या मोटारीची नळी. पाश्चात्त्य शस्त्रांवर दोन गोष्टी बघा.

केज कोड: पाच अक्षर-आकड्यांचा, कारखान्याचा ओळख क्रमांक. ९ ऑगस्ट २०१८ ला येमेनमध्ये दहयान इथे शाळकरी मुलांच्या बसवर हल्ला झाला. तिथे सापडलेल्या तुकड्यावरचा ९४२७१ हा कोड लॉकहीड मार्टिनचा होता. येमेनमध्ये पेव्हवे या मार्गदर्शित बॉम्बच्या पंखांवर वारंवार दिसलेला ९६२१४ रेथिऑनचा. ८ ऑक्टोबर २०१६ ला येमेनमधल्या देर अल-हजारी इथे सापडलेल्या कडीवर ए४४४७ होता, तो इटलीच्या आरडब्ल्यूएम इटालियाचा.

एनएसएन: तेरा आकडी साठा क्रमांक. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे दोन देश: ०० आणि ०१ अमेरिका, १४ फ्रान्स, १५ इटली, २७ तुर्कस्तान, ९९ ब्रिटन. पण हा देश त्या वस्तूला यादीत क्रमांक देणारा देश आहे. टाकणारा सोडा, तो बनवणाराही असेलच असं नाही.

वरची तिन्ही उदाहरणं पाहा. कोडने सांगितलं ते कारखान्याचं नाव. निर्यात परवान्यांच्या खटल्यांमध्ये त्याला सोन्याचं मोल आहे. हल्लेखोर मात्र त्यातून निघत नाही. दहयानमध्ये हल्लेखोराचा प्रश्न कोडने नाही, सौदी आघाडीच्या कबुलीने सुटला.

सोव्हिएत-रशियन बॉम्बवर नाव, कारखान्याचा क्रमांक, लॉट, वर्ष आणि भरलेल्या स्फोटकाची खूण रंगाने छापलेली असते. रंग जळतो, त्यामुळे अर्धीच ओळ मिळते. उरम अल-कुब्राच्या ढिगाऱ्यात ओएफएबी २५०-२७० चं शेपूट दिसलं होतं. हा बॉम्ब रशिया वापरतो, सीरियाही वापरायचा. सिरिलिक लिपी दिसली म्हणून वैमानिक रशियन ठरत नाही. कलाश्निकोव्ह बंदुकीच्या बाबतीत हे कोणालाही पटतं, बॉम्बच्या बाबतीत का कोण जाणे पटत नाही.

खड्ड्याबद्दल एकच सांगतो, कारण लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात. अमेरिकी एमके-८२ बॉम्बमध्ये सुमारे ९० किलो स्फोटक असतं. ओएफएबी २५०-२७० मध्येही साधारण तेवढंच. मऊ मातीत उशिरा फुटणारा फ्यूज असेल तर खोल खड्डा, काँक्रीटवर लगेच फुटला तर उथळ बशी. म्हणजे एकाच बॉम्बचे दोन खड्डे जेवढे वेगळे निघतील, तेवढे या दोन बॉम्बचे निघणार नाहीत. खड्ड्यावरून वजनाचा वर्ग आणि फ्यूजचा अंदाज घ्या, कधीकधी बॉम्ब आला ती दिशा. देश काढू नका.

मुक्ता

वाचतेय. पण मग अवशेषांवरून "कोणी टाकलं" हे कधीच कळत नाही का?

निरभ्र

कळतं, पण ते शस्त्र त्या युद्धक्षेत्रात एकाच पक्षाकडे असेल तेव्हा. "त्या युद्धक्षेत्रात" हे दोन शब्द महत्त्वाचे.

सीरियात बॅरल बॉम्ब म्हणजे हेलिकॉप्टर, आणि ते सरकारचं. सुखोई-३४, सुखोई-३५, सुखोई-२५ दिसलं तर रशिया, कारण सीरियाकडे ही विमानं नव्हतीच. उलट सुखोई-२२ किंवा एल-३९ दिसलं तर सीरिया. सुखोई-२४ दोघांकडे, त्यामुळे नुसतं "सुखोई-२४ होतं" या वाक्याने काम होत नाही. आरबीके-५०० या क्लस्टर बॉम्बच्या पोटात एसपीबीई-डी हे संवेदक असलेले उपबॉम्ब सापडले तर बोट रशियाकडे वळतं. एएएसएम या मार्गदर्शन किटचे अवशेष फ्रान्सकडे नेतात.

फसवी शस्त्रं: हेलफायर क्षेपणास्त्र फक्त अमेरिकेचं समजू नका, ब्रिटनचे रीपर ड्रोनही तेच डागत होते. ब्रिमस्टोन क्षेपणास्त्रं आणि पेव्हवे-४ बॉम्ब ब्रिटनसोबत सौदीकडेही आहेत. जीबीयू-३९ हा छोटा बॉम्ब अमेरिका आणि इस्रायल दोघांकडे आहे आणि सीरियात दोघेही उडत होते.

लिबियाचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. ४ जानेवारी २०२० ला त्रिपोलीतल्या लष्करी अकादमीच्या मैदानात कवायतीला जमलेले २६ कॅडेट मारले गेले. पूर्व लिबियातला सेनापती हफ्तार, त्याच्या फौजेने नाकारलं. अवशेष ब्लू ॲरो-७ या चिनी क्षेपणास्त्राचे निघाले. ते विंग लूंग-२ ड्रोनवरून डागतात, आणि लिबियात तो ड्रोन पूर्वेकडच्या अल-खादिम तळावरून संयुक्त अरब अमिराती चालवत होती. तुकडा, मग वाहक, मग तळ, मग देश. प्रत्येक पायरीवर पर्याय एकच उरला, म्हणून साखळी टिकली. विरुद्ध पक्षाकडे, म्हणजे त्रिपोली सरकारकडे, तुर्की बायराक्तार टीबी-२ ड्रोन होते, पण त्यांचं एमएएम-एल हे वेगळं, २२ किलोंचं शस्त्र. ब्लू ॲरो त्याच्या दुपटीहून जड. मोटार आणि पंखांची मापं जुळतच नाहीत.

वाळूघड्याळ

तुकडे नाहीत किंवा त्यांनी काही ठरत नाही, तेव्हा सगळा भार वेळेवर येतो. वेळ मिनिटापर्यंत पक्की असेल तर उड्डाणांच्या नोंदी, रेडिओ, अधिकृत पत्रकं हे सगळं जोडता येतं. तास-दोन तासांचा घोळ असेल तर गजबजलेल्या आकाशात काहीही कशालाही जोडता येतं.

सुरुवात टाइम झोनपासून. लिबिया वर्षभर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक २. येमेन अधिक ३. सीरिया त्या वर्षांत हिवाळ्यात अधिक २, उन्हाळ्यात अधिक ३. २०२२ च्या शरद ऋतूनंतर कायमच अधिक ३. लष्करी पत्रकं बऱ्याचदा यूटीसीमध्ये असतात, ते त्याला झुलू म्हणतात. रात्री साडेबाराचा स्थानिक हल्ला यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशी पडतो. "त्या तारखेला आम्ही तिथे हल्ला केला नाही" असं उत्तर आलं की सगळ्यात आधी हेच तपासा. समाजमाध्यमांवरची वेळ बघणाऱ्याच्या यंत्रानुसार दिसते, म्हणून स्क्रीनशॉट कोणत्या झोनमध्ये घेतला ते त्यावर लिहूनच ठेवायचं.

पहिली पोस्ट शोधा. पण पहिली पोस्ट म्हणजे हल्ल्याची वेळ नव्हे, "याच्या आधी झाला" एवढीच ती सीमा. दुसरी सीमा शेवटच्या शाबूत फोटोची. उपग्रह इथे कामाला येतात: सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचं चित्र फुकट, १० मीटर तपशिलाचं, साधारण दर पाच दिवसांनी. एखादं छप्पर त्यात दोन-तीन ठिपक्यांचं असतं, त्यामुळे गोदाम कोसळलेलं दिसतं, खोली नाही. प्लॅनेट कंपनीचं साधारण ३ मीटरचं आणि जवळपास रोजचं. मॅक्सार (आता व्हँटर) कंपनीचं ३० सेंटिमीटरच्या आसपासचं, पण त्या जागेचं त्या दिवशी काढलेलं असेल तरच. आग लागली असेल तर नासाच्या फर्म्स या आगींच्या नकाशात व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या संवेदकाचे ३७५ मीटरचे चौकोन बघा. मात्र तेलविहिरीवरची ज्योत आणि जाळलेलं शेतही तिथे तसंच लाल दिसतं.

सावली. हिच्याबद्दल अतिउत्साह फार. सकाळी-संध्याकाळी सावलीची लांबी झपाट्याने बदलते, तेव्हा लांबी मोजा. उन्हाळ्यातल्या भर दुपारी लांबी जवळपास थांबते, पण दिशा भराभर फिरते, तेव्हा दिशा मोजा. लोक नेमकं उलटं करतात आणि मग अर्ध्या तासाची चूक घेऊन बसतात. सपाट जमिनीवरच्या उभ्या वस्तूचीच सावली घ्या. उतारावरची नको, फ्रेमच्या कडेचीही नको, तिथे लेन्स रेषा वाकवते.

आवाज. स्फोटाचा उजेड आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ११ मीटर. हे कागदावर. मोबाइलचे व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेमवेगाचे असतात आणि संदेशॲपमधून गेले की पुन्हा एन्कोड होतात, म्हणून फ्रेम मोजण्याऐवजी फाइलमधले वेळेचे ठसे वाचा. दोन वेगळ्या जागांवरून काढलेले व्हिडिओ असतील तर दोन वर्तुळं काढा, ती छेदतील तिथे स्फोट. वर्तुळं छेदतच नसतील तर एका व्हिडिओची जागा चुकली आहे किंवा दोघांत दोन वेगळे स्फोट आहेत. लागोपाठच्या हल्ल्यांत हा दुसरा प्रकार फार होतो.

आणि मूळ फाइल मिळाल्याबरोबर तिचा हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून नोंदवा, कुठून आणि केव्हा उतरवली तेही. काम नेहमी प्रतीवर.

ठोकताळा

वाळूघड्याळ यांच्या पोस्टला जोडून. सीरियात विरोधकांच्या भागात विमान-निरीक्षकांचं जाळं होतं. तळाजवळचा माणूस उड्डाण बघून वॉकीटॉकीवर विमानाची जात, दिशा, वेळ सांगायचा. पुढचा माणूस तेच विमान आपल्या डोक्यावरून जाताना नोंदवायचा. लोकांना आसऱ्याला जाता यावं म्हणून हे चाललं होतं. २०१६ पासून हाला सिस्टिम्स या कंपनीच्या सेंट्री यंत्रणेने याच नोंदी संगणकावर आणल्या. म्हणजे पुरावा गोळा करणं हा मूळ हेतू नव्हता, आणि त्यामुळेच त्या नोंदींना वजन आहे: लिहिणाऱ्याला कोणता हल्ला पुढे गाजणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

५ आणि ६ मे २०१९ ला वायव्य सीरियातल्या इदलिब भागात १२ तासांत चार रुग्णालयांवर हल्ले झाले. न्यूयॉर्क टाइम्सने ऑक्टोबर २०१९ मध्ये जो तपास छापला त्यात तीन धागे होते: निरीक्षकांच्या नोंदी, रशियन हवाईदलाचं रेडिओवरचं संभाषण आणि घटनास्थळाचे व्हिडिओ. वैमानिक शस्त्र सोडल्यावर "स्राबोताल" म्हणतो, म्हणजे काम झालं. तो शब्द, निरीक्षकाची नोंद आणि व्हिडिओतला स्फोट मिनिटांच्या फरकाने एका रेषेत आले. नुसता रेडिओ असता तर लक्ष्य कोणतं हा प्रश्न उरला असता, नुसत्या नोंदी असत्या तर "चुकून ओळखलं" म्हणता आलं असतं.

निरीक्षक कुठे चुकतो? उंचावरची जात ओळखण्यात. सुखोई-२४ आणि सुखोई-३४ लांबून, ढगांच्या फटीतून, आवाजावरून सांगणं कठीण. म्हणून मी जातीपेक्षा तळावर जास्त भिस्त ठेवतो. ख्मेमिमहून उडालं तर रशियन, शायरात किंवा हमा या तळांवरून उडालं तर सीरियन असण्याची शक्यता मोठी. अंतराने पडताळता येतं: ख्मेमिम ते इदलिबमधलं कफ्र नबल सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर, ताशी ८०० च्या वेगाने साडेचार-पाच मिनिटं. उड्डाणाची नोंद हल्ल्याच्या दोन मिनिटं आधीची असेल तर ते विमान हे नव्हे. उलट बाजूने हा नियम चालत नाही. रशियन विमानं हवेत घिरट्या घालत थांबायची, त्यामुळे अर्धा तास आधी उडालेलं विमानही उमेदवार राहतं.

रात्रीच्या हल्ल्याचा नियमही जपून वापरावा. सीरियात सुरुवातीला "रात्री अचूक हल्ला म्हणजे रशिया" असं म्हणत. पुढे सीरियन हेलिकॉप्टरं आणि सुधारित सुखोई-२४ ही रात्री उडू लागली आणि नियम सैल पडला. लिबियात मात्र तो बराच टिकला. २ जुलै २०१९ च्या रात्री त्रिपोलीजवळ ताजुरातल्या स्थलांतरितांच्या कैदखान्यावर हल्ला झाला, किमान ५३ मृत्यू. आधी शेजारची गाड्यांची कार्यशाळा, सुमारे ११ मिनिटांनी लोक कोंडलेली शेड. हफ्तारच्या ताफ्यातली जुनी मिग-२१, मिग-२३ यांच्याकडून रात्री असा नेम अपेक्षित नव्हता, म्हणून लक्ष बाहेरच्या देशाच्या विमानाकडे गेलं.

कंपासपेटी

ताजुरा चौथ्या पायरीसाठीही महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या जानेवारी २०२० च्या अहवालाने विमान परक्या देशाचं होतं असं म्हटलं, देशाचं नाव घेतलं नाही. शिवाय ते विमान हफ्तारच्या हुकुमाखाली उडत होतं की त्या देशाच्या स्वतःच्या, हे स्पष्ट नाही असंही नोंदवलं. वैमानिक कळला तरी हुकूम कळत नाही तो असा.

चौथा कोपरा

आतापर्यंतची चर्चा "सीरिया की रशिया" या वळणाची आहे. अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या आतलं कोडं याहून अवघड आहे, कारण तिथे शस्त्र तेच, विमान तेच, नियंत्रण कतारमधल्या अल-उदेद तळावरच्या एकाच केंद्रातून. जमिनीवर काहीही सापडलं तरी सदस्यदेश कळत नाही.

हवीजा बघा. इराकमधल्या या गावात २ आणि ३ जून २०१५ च्या मधल्या रात्री आयसिसच्या बॉम्ब कारखान्यावर हल्ला झाला. आतला साठा फुटला आणि वस्तीच उडाली, किमान ७० नागरिक मेले. विमानं नेदरलँड्सची एफ-१६ होती. हे जगाला कळलं ऑक्टोबर २०१९ मध्ये, डच पत्रकारांमुळे, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने संसदेत मान्य केलं. चार वर्षं त्या खड्ड्यात बसून कोणी कितीही मोजमाप केलं असतं तरी "डच" हा शब्द निघाला नसता.

पत्रकं कशी वाचायची ते सांगतो. आघाडीच्या दैनिक पत्रकात "रक्काजवळ इतके हल्ले" असं असायचं. "एक हल्ला" याची त्यांची व्याख्या साधारण एकाच जागी झालेले एक किंवा अनेक मारे अशी होती. म्हणजे एका हल्ल्यात दोन विमानं आणि आठ बॉम्ब असू शकतात. "जवळ" हा शब्दही कित्येक किलोमीटरचा. ब्रिटनची निवेदनं त्या मानाने तपशीलवार: तारीख, विमान, शस्त्र, परिसर. फ्रान्सचा आढावा आठवड्याचा. बाकीच्यांचा तपशील त्याहून तोकडा. त्यामुळे करायचं असं: प्रत्येक देशाचं त्या तारखेचं निवेदन वेगळं काढा, "आम्ही त्या भागात नव्हतो" म्हणणारे बाजूला करा, उरलेल्यांची मोहीम तेव्हा सुरू होती का ते बघा. शेवटी एक-दोन उरतात. तिथून पुढे माहिती अधिकार, संसदेतले प्रश्न आणि न्यायालयं.

मे २०१७ नंतर ही वाट आणखी अरुंद झाली. इतर सदस्यांच्या हल्ल्यांतले सुमारे ८० नागरी मृत्यू आघाडीने देशांची नावं न घेता एकत्र मोजले, आणि कोणता मृत्यू कोणाचा हे सांगणं थांबलं.

उलट उदाहरण: १७ सप्टेंबर २०१६, देर एझ-झोर. आघाडीच्या विमानांनी आयसिस समजून सीरियन सैन्यावर बॉम्ब टाकले. इथे कोडं एक-दोन दिवसांत सुटलं, कारण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क आणि ब्रिटनने आपापला सहभाग स्वतःच सांगितला. मेलेले सैनिक होते आणि समोर रशिया उभा होता हे विसरू नका. अमेरिकी चौकशीत पुढे आलं की रशियाचा हॉटलाइनवरचा इशारा २७ मिनिटं लटकला, कारण फोन करणाऱ्याला एक ठरावीक अधिकारीच हवा होता.

मुक्ता

म्हणजे कबुली मिळाली की काम संपतं?

चौथा कोपरा

कबुलीसुद्धा जागेशी जुळवून बघावी लागते. १६ मार्च २०१७ ला अल-जिना इथल्या मशिदीवर हल्ला झाला. अमेरिकेच्या निवेदनात "इदलिबमध्ये अल-कायदाच्या बैठकीवर हल्ला" असं होतं आणि मशिदीचा उल्लेख नव्हता. अल-जिना अलेप्पो प्रांतात आहे, इदलिबच्या हद्दीला लागून. नुसती प्रांतांची नावं जुळवणाऱ्याने हे दोन वेगळे हल्ले धरले असते. हेलफायरचे तुकडे, अमेरिकेनेच दिलेला हवाई फोटो आणि मशिदीच्या नव्या बांधकामाची चित्रं एकत्र ठेवल्यावर हल्ला एकच असल्याचं पक्कं झालं.

ठोकताळा

नकारांचंही तसंच. नकार खरा असू शकतो. १७ आणि १८ जून २०१८ च्या मधल्या रात्री इराक सीमेजवळ अल-हरी इथे इराकी मिलिशियाचे लोक मारले गेले. सीरियाने अमेरिकेला दोष दिला. अमेरिकेने नाकारलं, आणि एका अमेरिकी अधिकाऱ्याने नाव न सांगता इस्रायलकडे बोट दाखवलं. आणि आरोपही गरजेपुरता असू शकतो. २७ फेब्रुवारी २०२० ला इदलिबमध्ये बाल्यून इथे किमान ३३ तुर्की सैनिक मेले, तुर्कस्तानने दोष दिला तो सीरियन सैन्याला. त्या भागात रशियन विमानं होती का हा प्रश्न तेव्हाच विचारला जात होता, पण रशियाचं नाव घेतलं असतं तर पुढचं पाऊल काय टाकायचं, हा अंकाराचा पेच होता. याउलट ९ फेब्रुवारी २०१७ ला अल-बाबजवळ रशियन बॉम्बने तीन तुर्की सैनिक मेले तेव्हा रशियाने लगेच मान्य केलं होतं.

इस्रायलच्या बाबतीत एक उपयोगी खूण: हल्ले बऱ्याचदा लेबननच्या हवाई हद्दीतून व्हायचे, त्यामुळे बैरूत किंवा बेका खोऱ्यातले लोक काही मिनिटं आधीच विमानांच्या आवाजाबद्दल लिहू लागायचे. दमास्कसवर आगीचे गोळे आणि लेबननमध्ये आधीचा आवाज, दोन्ही जुळले की उमेदवार झटकन कमी व्हायचे.

निरभ्र

एक भर: हवेतून इंधन भरणाऱ्या टँकर विमानांची घिरटी सार्वजनिक ट्रॅकरवर बऱ्याचदा दिसते, लढाऊ विमानांची नाही. टँकर दिसला म्हणजे कोणीतरी तेल पीत होतं एवढंच. त्यावरून हल्ला कोणाच्या खात्यावर टाकू नये, हे वरचेवर होतं म्हणून सांगतोय.

वाळूघड्याळ

निष्कर्ष लिहिताना कोणते शब्द वापरायचे यावरही बोलूया का? "शक्यता आहे" आणि "दाट शक्यता आहे" यांत लोक काही फरकच ठेवत नाहीत.

कंपासपेटी

बरोबर. हवाई हल्ल्यांतल्या नागरी मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या एअरवॉर्स या संस्थेची वर्गवारी मला उपयोगी वाटते: कबूल, पुरेसा आधार, कमकुवत, वादग्रस्त, रद्द. त्यातला "वादग्रस्त" हा वर्ग आपल्या विषयाचाच आहे. हल्ला झाला यावर एकमत, पण नावं एकाहून जास्त. अशा घटनेची आकडेवारी कोणा एकाच्या नावावर चढवायची नाही, वेगळ्या रकान्यात ठेवायची. संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने एप्रिल २०२० मध्ये वायव्य सीरियातल्या रुग्णालयांबद्दल जे लिहिलं त्यात "सीरिया सरकार आणि/किंवा त्याचे मित्र" अशी शब्दयोजना होती. त्यावर बरीच टीका झाली आणि रशियाचं नाव टाळल्याबद्दलची टीका मला रास्त वाटते. पण "आणि/किंवा" ही शब्दरचना मुळात चुकीची नाही. दोघांतला एक वगळता आला नसेल तर तसंच लिहायला हवं.

चारही पायऱ्यांना वेगवेगळी खात्री लिहा. एकच सरासरी खात्री लिहिली की सगळ्यात कमकुवत पायरी तिच्यात लपते. नमुना म्हणून लिबियातला अल-वातिया तळ, ४ आणि ५ जुलै २०२० च्या मधली रात्र. तुर्कस्तानने तिथे नुकतीच आणलेली हवाई संरक्षण यंत्रणा उडवली गेली. असं लिहा:

हल्ला झाला: निश्चित.
शस्त्र: हवेतून, अचूक. सार्वजनिक अवशेष नाहीत, त्यामुळे जात सांगता येत नाही.
विमान: "अज्ञात विमानं" एवढंच जाहीर झालं.
कोण बाद: त्रिपोली सरकार आणि तुर्कस्तान, तळ त्यांच्याच ताब्यात होता.
कोण बाद नाही: हफ्तारला मदत करणारे, रात्री अचूक मारा करू शकणारे परके देश, आणि मे २०२० मध्ये लिबियात आलेली रशियन मिग-२९ व सुखोई-२४.
दावा: कोणत्याही देशाने अधिकृतपणे केला नाही.
निष्कर्ष: अज्ञात.

ठोकताळा

यात मिग-२९ आणि सुखोई-२४ एका ओळीत नकोत. दोघांचा पल्ला आणि रात्री जमिनीवर मारा करायची क्षमता वेगळी आहे, आणि ती विमानं मध्य लिबियातल्या जुफ्रा तळावर होती. जुफ्रा ते अल-वातिया अंतर काढून दोन वेगळ्या ओळी करा.

कंपासपेटी

मान्य. दोन ओळी करून वर बदलतो.